टायरची चाल

ये इकडं. अशी जवळ बस माझ्या. सासरहून, त्या कड्याहून यायचंच नाही असं ठरवून तोंड फुगवून बसली असशील, तर निदान मनानं उंबऱ्याच्या आत ये आणि मोठ्या आईचे चार शब्द ऐकून घे. परवा फोनवर काय म्हणालीस मला? "अप्पांना म्हणावं, टायर झिजतील, नातीला बघायला एसटीनंच या." हे बोलणं शोभतं का गं तुला? बापाला हसायचं असेल तर खुशाल हास. मी तर लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हसतेय. पण अर्धं ऐकून हसू नये माणसानं. हसायचं तर सगळं ऐकून पोटभर हसावं.

तर ऐक. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा दीर, हा लिंबागणेशपासून तुझ्या कड्यापर्यंतच्या मुलखात एकमेव माणूस आहे, ज्यानं जन्मात कुठली वस्तू दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतली नाही, आणि स्वतःच्या पसंतीनंही क्वचितच घेतली. कलिंगड घ्यायचं तर सगळा ढीग वाजवून व्हायचा आणि घरी यायची काकडी. सतरंजी घ्यायची तर दुकानात अंथरून तिच्यावर चांगली डुलकी काढून मग "टोचती" म्हणून परत द्यायची. अगं, मला बघायला तुझे मोठे काका आले, तेव्हा हे बारा वर्षांचं कार्टं सोबत होतं. पोहे खाऊन झाले आणि हे म्हणतात, "ताई, जरा दारापर्यंत जाऊन या की." मी बावळट, गेले आणि आले. "आता जरा भरभर." पुन्हा गेले. माझा बाप कोपऱ्यातली काठी शोधायला उठला, तेवढ्यात यांनी निकाल दिला, "दादा, चाल सरळ हाय. खोड न्हाई." माझं लग्न असं जमलं. पत्रिका नंतर बघितली.

ही सगळी बैलबाजाराची विद्या. तुझ्या आजोबांनी बोट धरून शिकवलेली. त्या काळात बैल घ्यायचा म्हटलं की माणसं आधी आपल्या दारात यायची. "अप्पा, जरा चला बाजाराला." मग हे उपरणं झटकून निघायचे, पुढाऱ्याच्या वर रुबाब. बैलाच्या तोंडात बोटं घालून दात मोजायचे, दोन दाती, चार दाती, आणि वय सांगायचे. शेपटी पिळून स्वभाव सांगायचे. जोडी चालवून बघायचे आणि भाव ठरवायचा तो उपरण्याखाली, एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे तिसऱ्याला कळू नये. पुढं ट्रॅक्टर आले. जित्राबं गेली. आपलीही शेवटची जोडी गेली आणि दारात गाडी आली. गेल्या दहा वर्षांत "अप्पा, जरा चला" असं कुणी म्हटलं असेल तर मला सांग. एवढी मोठी पारख घेऊन माणूस घरात बसला. ती मग वांग्यांवर चालायची, खराट्यावर चालायची, माझ्या भाकरीवर चालायची.

गाडी तर तुला ठाऊकच आहे. उंच पोटाची, जीपसारखी दिसणारी, कारसारखी चालणारी. आली त्या दिवशी तिला तीन प्रदक्षिणा घालून तुझे अप्पा म्हणाले, "घोडाबी न्हाई, गाढवबी न्हाई. खेचर हाय हे." आणि त्या खेचराचे टायर नेमके केव्हा झिजावेत? तुला सहावा लागला तेव्हा. पहिलं बाळंतपण, लेक माहेरी आणायची, मधे सौताड्याचा घाट, आणि टायर असे गुळगुळीत की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. तुझ्या सासूबाईंचा निरोप आला, पोळ्याच्या अमावास्येआधी घेऊन जा. अमावास्या उलटली की आठवा लागतो, मग घाट उतरू देणार नाही. बाईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, "भावजी, भाड्याची गाडी सांगा आणि लेक आणा." तर माझ्यावरच उखडले. "भाड्याच्या गाडीत लेक आणू? मी मेलो का?"

मग सुरू झाला टायरबाजार. हातात दीड महिना होता. पहिल्या दुकानात दुकानदारानं सरळ प्रश्न विचारला, "काका, जाड गोट्यांचे पाहिजेत, चिखलात चालणारे, का साधे, डांबरी रस्त्याचे?" तुझे अप्पा म्हणाले, "आदी दात दाखव." त्यानं टायर पुढं केला. यांनी खाचांमध्ये बोटं घातली, नखानं दाबून बघितलं, वास घेतला. मग म्हणाले, "आता चालवून दाखव." दुकानदाराला वाटलं चेष्टा आहे. पण हे हटेनात. शेवटी त्यानं टायर उभा करून ढकलला. उतार होता. टायर निघाला तो शेजारच्या चहाच्या टपरीपुढचं बाकडं आडवं करून, दोन गिऱ्हाइकांच्या कपबशा घेऊनच थांबला. माणसं ओरडतायत, चहावाला शिव्या देतोय, आणि तुझा बाप डोळे बारीक करून म्हणतो, "डावीकडं वढतंय. न्हाई पटत."

दुसऱ्या दुकानात कुणीतरी त्यांना दाखवून दिलं की टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन म्हणजे जन्माचा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. झालं! आंधळ्याला डोळे मिळावेत तसं झालं. "वैनी, बैलाचे दात कानस मारून लहान करत्यात, पण ह्यो आकडा खोटं बोलत न्हाई!" तिथल्या तिथं त्यांनी त्या दुकानातला नवाकोरा म्हणून ठेवलेला टायर चार वर्षांचा आहे हे सिद्ध केलं आणि दुकानदारानं त्यांना पायरी दाखवली. तिथून पुढं कुठंही गाडी उभी दिसली की तुझे अप्पा तिच्यापाशी उकिडवे. चकलांब्याला चातुर्मासातच उरकलेल्या एका लग्नाला गेलो, तर हे अक्षता टाकायच्या वेळेला मांडवात नाहीत. बाहेर एका पुढाऱ्याच्या पांढऱ्या गाडीपाशी बसलेले. तो पुढारी आला, हात जोडले, तर हे म्हणतात, "साहेब, झेंडा ह्या इलेक्शनचा आन् टायर मागच्याच्या मागचा!" त्या माणसानं अजून आपल्याशी बोलणं टाकलंय. खरं ऐकायची सवय नसते ना त्यांना.

असं करत आठवड्यामागून आठवडे गेले. हा जड, तो हलका. हा देखणा पण दगाबाज. अमुक टायर "खातंय लई" म्हणून नाकारला. टायर काय खातो ते मी विचारलं नाही. पोळा चार दिवसांवर आला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भावजी, तुमच्या पसंतीला टायर उतरेपर्यंत नातवंड चालत येईल कड्याहून. उद्या मी येते बीडला. टायर घेतल्याबिगर परत यायचं न्हाई." पण तेही दोन दिवस "उद्या", "उद्या" करत काढले, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी एकदाचे निघालो.

बीडात पेठेच्या टोकाला एक दुकान एक बाई चालवते, पस्तिशीतली, हातात पाना, कपाळावर काळा डाग. तुझ्या अप्पांनी खेचरासाठी पाहिजेत म्हणून सांगितलं, दात बघितले, जन्मतारीख बघितली, वास घेतला. ती बाई पाना पुसत राहिली. चालवून दाखव म्हणाले, तर तिनं आपल्या हातानं भिंतीपासून भिंतीपर्यंत चालवून दाखवला आणि विचारलं, "पाठीमागनं बी बघायचा का चालताना?" मला तिथंच बाई आवडली. म्हणाली, "काका, तुमचं खेचर हाय ना? मग घोड्याची नाल बी नको, गाढवाची बी नको. मधली घ्या. शेतात जरा, रस्त्यावर जास्त." तुझ्या अप्पांना पहिल्यांदा टायर पटला. मग सवयीनं उपरणं काढून हातावर टाकलं, हात पुढं केला, तिच्या बांगड्या दिसल्या आणि विस्तवाला लागावा तसा हात मागं घेतला. परक्या बाईची बोटं कशी दाबणार? माझ्याकडं वळले. "वैनी, तुमी द्या हात. मी सांगतो तशी बोटं धरा."

अगं, काय सांगू तुला! माझा हात आणि तिचा हात माझ्या पदराखाली, आणि तुझा बाप माझ्या कानात भाव सांगतोय. कानात कसला, चावडीवर दवंडी द्यावी तशा आवाजात! बाई हसून हसून टायरवर बसली. "आवं काका, पदराखालचा भाव रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला बी कळला की!" मग म्हणाली, "आमचे बापू बैलबाजारात दलाल व्हते. मला समदं येतं." आणि तिनं पदराखाली माझी बोटं अशी दाबली की मला एक अक्षर न कळता मी "बरं" म्हणून बसले. सौदा झाला. उठताना बाईनं अप्पांना बजावलं, "येक ध्यानात ठिवा. टायर पळून झिजतो, तसा उभा राहून वाळतो बी. घेऊन ठिवू नका, चालवा."

दुपारी टायर बसले. मी म्हटलं, आत्ताच निघा, दिवस मावळायच्या आत कडा. तर म्हणाले, "नवं जनावर बाजारातनं आणलं की येक मुक्काम गोठ्यात करू द्यावा." घरी आलो, आणि बघते तर वाटीत हळद-लोणी कालवून तुझे अप्पा टायरांना चोळतायत. खांदेमळण! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळायचे, बैल नाहीत तर टायर. गल्लीतली सगळी कुत्री जमली आणि चारही टायर चाटून पुसून लख्ख केले. मी हसले. पण हळद-लोणी लागलं त्याला पोळ्याच्या दिवशी जुंपत नाहीत, म्हणून पोळ्याला गाडी हलली नाही. आता खरं सांगते, तो दिवस माझ्याही पदरात टाक. अमावास्येला पोटुशी लेक आणू नये, असं मीच म्हणाले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. करीला शुभ काम नाही. ते दोघांनी मिळून ठरवलं. आम्ही दोन शहाणे.

निघालो तिसऱ्या दिवशी. मागच्या सीटवर गादी अंथरलेली, उशी, वर तुझी आई मागं ठेवून गेली ती गोधडी, पायाशी पाण्याची कळशी, तू लहानपणी खायचीस ते शेंगदाण्याचे लाडू. घाटात गाडी बैलगाडीच्या चालीनं. दर दोन-तीन मैलांवर थांबायचं, उतरायचं, टायरच्या पाठीवर हात ठेवायचा. "तापलं न्हाई. धा पैकी धा." मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकले. कड्याला पोचलो तर तुझ्या सासूबाई दारात. नीट बोलल्या गं, वाकडा शब्द नाही. "व्याही, परवा अमावास्या झाली. आता न्हाई पाठवायची मी." तू आत होतीस. दार पुढं केलं होतंस. त्यामुळं पुढचं तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

तुझे अप्पा भांडले नाहीत. "बरोबर हाय तुमचं," एवढंच म्हणाले. लाडवांचा डबा दिला आणि मागच्या टायरापाशी जाऊन बसले, उकिडवे, बराच वेळ. तू खिडकीतून बघितलं असशील आणि म्हणाली असशील, बघा, अजून टायरच बघतायत. मी जवळ गेले. उपरण्यानं डोळे पुसत होते. म्हणाले, "नव्या रबराचा वास लई उग्र असतो वैनी." येताना घाटात गाडी एकदाही थांबली नाही. हात लावून बघितलं नाही, डावीकडं ओढतंय का विचारलं नाही. मागच्या सीटवर गोधडी घडी करून ठेवलेली, ती वळणावर इकडून तिकडं सरकत होती. घरी आल्यावर मी इतकी वर्षं साठवलेलं बोलून घेतलं. म्हटलं, "कावून केलं असं? कुठला बी टायर चालला असता." तर खाली बघून म्हणाले, "समद्या गावाची जित्राबं पारखली वैनी. आता लेकीच्या येळेला चुकलो असतो, तर?"

आणि बारशाला एसटीनं आले म्हणून तू टोमणे मारतेस. अगं वेडे, गाडी दारात उभी होती, मी किल्ली हातात दिली होती. म्हणाले, "रिकामी गाडी त्या दारातनं माघारी आणायचं पुन्यांदा व्हणार न्हाई माझ्यानं. लेक येती म्हणली की काढू." तेव्हापासून ती तशीच उभी आहे. रोज सकाळी तोंड धुतलं की तुझे अप्पा गाडीत बसतात, हातभर पुढं घेतात, हातभर मागं घेतात आणि उतरतात. टायर एका अंगाला चपटू नये म्हणून. यंदाही पोळ्याला हळद-लोणी झालं. कुत्र्यांना आता तिथी पाठ झालीय.

पोरगी पावलं टाकायला लागली म्हणतेस ना? मग ये आता. तू नुसता फोन कर, ते न्यायला येतील. घाटात दहादा उतरतील, तू रागवू नकोस, पोरीला खिडकीतून दाखव आजोबा काय करतात ते. इथं आलात की त्या लेकराला अंगणात चालायला लावतील, एकदा सावकाश, एकदा भरभर. माझं झालं तसंच. मी तुळशीपाशी पायरीवर बसलेली असेन. निकाल काय लागणार ते मला आजच माहीत आहे, पण तो त्यांच्या तोंडून ऐकायचाय. लवकर ये बाई. त्या बीडच्या बाईनं सांगितलं होतं ते खरं निघायला लागलंय. उभ्या उभ्या वाळायला सुरुवात झालीय.