बाबांच्या नावापुढचा व्यवसाय

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा त्यातले जुने व्यवसाय समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. खराडीच्या कंपनीत संगणकापुढे बसणारा माणूस हे नीट करील, असं समितीला वाटलं असावं. पोतनीस म्हणजे खजिन्याचा हिशेब पाहणारा, दफ्तरदार म्हणजे सरकारी कागद सांभाळणारा, अशा एकेका शब्दापुढे दोन ओळी लिहायच्या होत्या. आजच्या मुलांना ही नुसती आडनावं वाटतात.

अडलं ते पेशवाईतल्या एका पूर्वजापाशी. त्याच्यापुढे 'हुजऱ्या' असं होतं. म्हणजे धन्याच्या हाताखालचा नोकर. पाणी देणं, निरोप पोचवणं. मी तसंच लिहिलं. समितीचे अध्यक्ष चष्मा काढत म्हणाले, "अहो, आपल्या कुळात नोकर होते हे छापायला वर्गणी घेतली का आपण?"

सगळे हसले. मीही हसलो आणि तिथल्या तिथे 'दरबारी सेवेत' असं केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी स्वतःच्या नोंदीबद्दल विचारलं. बाबा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचं एकेक सुटं अक्षर खणातून उचलायचं आणि ओळी जुळवायच्या. मजकूर संगणकावर तयार होऊ लागला आणि तो छापखाना बंद पडला. मी त्याच सुमारास संगणक शिकत होतो. आता बाबा कोथरूडला आमच्याकडे असतात. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बँकेतले निवृत्त अधिकारी जमतात. त्यांना बाबांनी "प्रेस लाइनमध्ये होतो" एवढंच सांगितलेलं. त्यांना भेट द्यायला म्हणून बाबांनी चार-पाच जास्तीच्या प्रती सांगून ठेवल्या होत्या.

"मुद्रक लिहिशील का?" त्यांनी विचारलं.

"मुद्रक म्हणजे छापखान्याचा मालक, बाबा. तुम्ही मालक नव्हतात."

"नव्हतो. बरोबर आहे," म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

पुस्तकात 'जुळारी' छापलं गेलं. शेवटच्या शब्दार्थांच्या यादीत माझ्या शब्दांत अर्थ होता: शिशाची अक्षरे जुळवणारा छापखान्यातील कामगार.

प्रकाशनाच्या दिवशी, मंगल कार्यालयात जेवणाची पानं मांडली जात असताना, बाबांनी आपली नोंद पाहिली. मग पानं उलटत मागे गेले आणि पेशवाईत बोट ठेवून थांबले.

"ह्याला मात्र दरबारी केलंस. ओळखीचा होता का तुझ्या?"

मी अध्यक्षांकडे बोट दाखवलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बाबांच्या खालीच माझी नोंद आहे, संगणक अभियंता. वर 'जुळारी' असलं की खालची ओळ उंच दिसते. ऑफिसात कुणी नव्या मुलांपुढे बोलायला उभं केलं की मी बाबांच्या काळवंडलेल्या बोटांपासूनच सुरुवात करतो. मुलं टाळ्या वाजवतात. मुद्रकाच्या मुलाला त्या मिळाल्या नसत्या. खऱ्या शब्दाचा आग्रह मी धरला तो त्या टाळ्यांसाठी, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

"पुढच्या आवृत्तीत बदलू," मी म्हणालो.

"कशाला? चूक कुठे आहे त्यात?" बाबा म्हणाले आणि जेवायला उठले.

त्या जास्तीच्या प्रती अजून सुतळीसकट कपाटावर आहेत. बाबा रोज संध्याकाळी खाली बाकावर जातात. एकही प्रत त्यांनी नेलेली नाही.