गादीवरून उठताना

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, आई गेली." धारवाडहून धडपडत जुन्या हुबळीला पोचले, तर अक्काला पुढच्या खोलीत सरळ, उताणं झोपवलेलं. माझ्या तोंडून निघालं, "अरे, गुडघ्यांखाली उशी द्या कुणीतरी!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय सांगणार... माझी थोरली बहीण उशीशिवाय अशी सरळ पडलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

अक्काचं कंबरदुखणं लग्नाआधीपासूनचं. सासरी त्याला आळस म्हणायचे. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, कंबरेचा शेवटचा मणका एका बाजूनं खालच्या हाडाला जोडलेला आहे, जन्मतःच. तिनं ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून सासूबाईंना दाखवली, "बघा, हाडातच आहे. नाटक नव्हे." सासूबाई म्हणाल्या, "मोडलंय काय? नाही नव्हं? मग भाकऱ्या टाक." डॉक्टरही म्हणालेच होते, असा मणका पुष्कळांना असतो, सगळ्यांचं काही दुखत नाही. झालं! ज्याचं दुखतं त्यानं मग कुणाकडं जावं?

माझी कंबर धाकट्याच्या बाळंतपणानंतर धरली. पट्टा बांध, वजन उतरव, मन रमव... मीही सगळं ऐकून घेतलं. अक्कानं काही विचारलं नाही. मागून येऊन अंगठा नेमका टेकवला, "इथंच नव्हं?" मी ढसाढसा रडले. माझ्या एक्स-रेतही तसाच मणका निघाला, तेव्हा ती बया चक्क खूश झाली! "बरं झालं बाई, मला सोबत झाली," म्हणाली. असली सोबत कोण मागतं? पण खरं सांगते, दुखायचं तेवढंच दुखत राहिलं, फक्त ते कुणाला पटवून द्यायचं काम संपलं.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं एक ठरलेलं कापडदुकान. गिऱ्हाइकांना बसायला खाली पांढरी गादी. बसताना ठीक, उठताना पंचाईत. मग आम्ही समोरासमोर पायाला पाय लावून एकमेकींचे हात धरायचो. अक्का कानडीत ओरडायची, "एळव्वा!" ऊठ बाई! आणि दोघी एकदम उभ्या. दुकानदार अण्णा हसून बेजार व्हायचे. हसू देत की. घरी मला हात द्यायला माणसं आहेत, पण कुठल्या क्षणी ओढायचं ते त्यांना कळत नाही.

गेल्या आठवड्यात सुनेला साडी घ्यायला एकटीच गेले. साडी लगेच पसंत पडली. सवयीनं पाय रोवून दोन्ही हात पुढं केले... समोर नुसता साड्यांचा ढीग. अण्णांनी दाराकडं बघत विचारलं, "अक्कारु बरलिल्लेन्री?" अक्का नाही आल्या? त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. गेली म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, आणि वाटलं, सांगितलं की ती इथूनही जाणार.

पुढं केलेले हात मी तसेच साडीवर ठेवले. "थांबा अण्णा," म्हटलं, "अजून दाखवा."

ते एकेक घडी उलगडत राहिले, आणि मी बसूनच राहिले.