महानंदाताईंची वाटणी

महानंदाताई दुकानदाराला फोन लावायच्या, तेव्हा "किती माल पाठवू?" असं कधीच विचारायच्या नाहीत. "फळीवर काय शिल्लक हाय, बगून सांगा की," म्हणायच्या आणि तो बघून येईपर्यंत फोन कानाला धरून बसायच्या. सोलापुरातल्या आमच्या शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या कारखान्यातून कुठल्या गावाला किती माल जायचा, हे त्या ठरवायच्या. मूळच्या दुधनीच्या, घरात कानडी, बाहेर मराठी. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा म्हणाल्या, "मागणी तोंडानं फुगती. सणाला दुकानदार दुप्पट मागतो आन सण सरला की निम्मं परत पाठवतो. परत आलेली चटणी खवट."

एका दिवाळीच्या तोंडावर चांगले शेंगदाणे मिळेनात. चटणी निम्मीच निघत होती, आणि पुण्याच्या बड्या व्यापाऱ्याला ती सगळी हवी होती.

मालक म्हणाले, "त्यांना आधी द्या. बाकीचे थांबतील."

"थांबत न्हाईत, मालक. जेऊरच्या दुकानात फळी रिकामी पडली की तितं दुसऱ्याची चटणी बसती. मग ती उठत न्हाय."

मालक ऐकेनात. ताईंनी त्यांना न सांगता सगळ्या गावांना थोडा थोडा माल लावून दिला. गावचे दुकानदार टिकले. पुण्याचा व्यापारी कायमचा तुटला. तो भाकरीही भरपूर उचलायचा, त्यामुळे भाकरीच्या निम्म्या चुली बंद झाल्या आणि तिथल्या बायका घरी बसल्या. त्यांत ताईंची धाकटी जाऊ होती.

मालकांनी ताईंना पॅकिंगला बसवलं आणि त्यांचं काम मला दिलं. एकदा मीच विचारलं, "ताई, चुकलं असं वाटतं का?"

पाकिटाचं तोंड चिकटवत त्या म्हणाल्या, "जावंच्या घरी गेले की वाटतं. जेऊरचं कुणी भेटलं की न्हाय वाटत."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी दवाखान्यात गेलो, तर त्यांची मराठी पुसली गेली होती, कानडी तेवढी उरली होती. मला कानडी येत नाही. मराठीतच कामाचं सांगत बसलो. लग्नसराई आहे, अक्कलकोटकडून मागणी वाढलीय, माल पुरत नाही. त्या अनोळखी नजरेनं बघत होत्या. मग काहीतरी पुटपुटल्या.

त्यांची मुलगी म्हणाली, "तिला तुमी दुकानदार वाटताय. म्हणती, जरा थांबा, तुमचाबी वाटा काढून ठिवलाय."

"बरं," मी म्हणालो आणि बसून राहिलो.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी एका दुकानदाराशी फोनवर होतो. मुलीचा निरोप घेऊन आलेला शिपाई समोर उभा होता. दुकानदाराला माल वाढवून हवा होता. त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग फोन ठेवला. रडू आलं नाही. फाटकाशी गाडी लागली होती. ती भरून घेतली आणि मग दुधनीला मातीला गेलो.