जशुभाईच्या एका वाक्यावर अडकणारा लॅपटॉप

हे लिहायची मला लाज वाटते, ते आधीच सांगून टाकते. बडोद्यात बुवा-बापूंच्या मांडवाबाहेर उभं राहून ‘हे चमत्कार असे करतात’ अशी पत्रकं वाटणारी मी. एकदा एका भक्ताने छत्री उगारली, तरी जागची हलले नाही. त्यामुळे वाचताना हसू आलं तर खुशाल हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, आणि कारण सापडलं तर कळवा — खरं कारण. सांत्वन नको.

दोन वर्षं झाली. बडोद्याजवळच्या सावली गावाच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्याला आपला पसारा दुप्पट करायचा होता, त्यासाठी लोकसुनावणी लागली होती. कारखान्याचं पाणी उघड्या नाल्यातून वाहायचं आणि नाल्याकाठच्या विहिरी लालसर झाल्या होत्या. अशा एका विहिरीचा मालक जशुभाई, आमचा मुख्य साक्षीदार. त्याचं म्हणणं अधिकाऱ्यांनी मानलं तर विहिरी तपासल्या जाणार. तो खोटा ठरला तर अख्खं गाव खोटं. मधलं काही नाही.

जशुभाई चारचौघांत बोलायला बुजायचा. म्हणून आम्ही त्याच्या शेतावर जाऊन त्याचं बोलणं कॅमेऱ्यावर घेतलं. तेच सुनावणीत पडद्यावर दाखवायचं ठरलं.

सुनावणी बुधवारची. शुक्रवारी दुपारी पाणीगेटच्या आमच्या खोलीत — खाली छापखाना, वर आमची संघटना — मी तो व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. चार मिनिटं नीट चालला आणि स्क्रीन गोठला. माऊस हलेना, कीबोर्ड दाद देईना. जशुभाईचं तोंड अर्धवट उघडं, आणि आवाज एकाच अक्षरावर घासत राहिलेला... बा-बा-बा-बा... बटण दाबून धरून बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा तिथेच!

शनिवारी सकाळी लॅपटॉप घेऊन अलकापुरीतल्या तळघरात, निमेषभाईच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात. निमेषभाई माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तोंडात कायम बडीशेप, आणि माझ्या पत्रकांचा जुना टीकाकार.

“मेधाबेन, ग्राफिक्स ड्रायव्हरचा लोचा आहे. दिवसाला दहा येतात असे.”

“मग कर ना दुरुस्त. बुधवारी सुनावणी आहे.”

“करतो. तुमची क्रांती अर्ध्या तासात चालू.”

त्याने ड्रायव्हर काढून नवा टाकला. चार मिनिटांवर... बा-बा-बा. नवा काढून जुना टाकला. बा-बा-बा. पंखा उघडून धूळ काढली. सेफ मोडमध्ये साध्या ड्रायव्हरवर चालवला, तरी तेच. मग त्याने गाड्यांच्या शर्यतीचा एक जड गेम तासभर त्याच लॅपटॉपवर खेळून दाखवला. एकदाही अडकला नाही. कुणाच्या तरी लग्नाची सीडी लावली — वरात, फेरे, जेवणावळ, सगळं सुरळीत.

“मग फाईल खराब,” निमेषभाई म्हणाला, आणि ती आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेतली. वेगळी कंपनी, वेगळं कार्ड. चार मिनिटं झाली आणि तो कॉम्प्युटरही गोठला.

“जुओ, बघा!” तो खुशीत म्हणाला. “ड्रायव्हर बिचारा निर्दोष. नवीन शूट करून आणा.”

रविवारी मी पुन्हा जशुभाईच्या शेतावर. नवा कॅमेरा उसना, नवं कार्ड. या वेळी तो आधी नाल्याबद्दल बोलला, मग ते पाणी तोंडी न लावणाऱ्या म्हशीबद्दल, आणि ते वाक्य आलं आठव्या मिनिटाला. सोमवारी निमेषभाईकडे लावलं. चौथं मिनिट गेलं. पाचवं गेलं. मी श्वास सोडला. आठव्या मिनिटाला... बा-बा-बा-बा.

निमेषभाई बडीशेप चावायचा थांबला.

“बेन, तो इथे बोलतोय काय?”

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. ती मी त्याला तोवर सांगितली नव्हती. जशुभाईचं वाक्य होतं — “आ पाणीए मारी बानो जीव लीधो.” या पाण्याने माझ्या आईचा जीव घेतला. हे वाक्य त्याचं नव्हतं. माझं होतं. त्याची बा आदल्या वर्षी गेली, हे खरं. पण ती गेली दम्याने, आणि दमा तिला कारखान्याच्या आधीपासून होता. मी त्याला म्हटलं होतं, “जशुभाई, लाल पाणी आणि म्हैस एवढ्यावर साहेब उठून जातील. माणूस मेलं म्हटलं की लिहून घेतील.” त्याने एकदा विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “तमे भणेला छो, बेन.” तुम्ही शिकलेल्या आहात... आणि बोलला.

तेव्हा मला यात काही गैर वाटलं नव्हतं. कारखानेवाले रोज खोटं बोलतात, वकील लावून बोलतात! आमचं एक वाक्य जास्त झालं तर काय बिघडलं? सुनावणीसाठी काढलेल्या पत्रकात तर मी ते मोठ्या टाइपात घेतलं होतं. पन्नासेक प्रती सावलीच्या स्टँडवर वाटूनही झाल्या होत्या.

मी हे सगळं निमेषभाईला सांगितलं. तो हसला नाही, याचाच मला जास्त राग आला.

“एक टेस्ट करू,” तो म्हणाला. “तोच माणूस, एकच जागा. फक्त वाक्य बदला.”

“हा मूर्खपणा आहे.”

“तो मूर्खपणा करा.”

जशुभाईलाच मंगळवारी दुकानात बोलावलं. तो बसने आला, चपला पायरीवर काढून आत आला, मी नको म्हणत असतानाही. स्टुलावर बसवून कॅमेरा लावला. म्हशीचं वाक्य बोलायला सांगितलं, बाच्या वाक्याएवढंच लांब. चाललं. विहिरीचं वाक्य चाललं. मग मी म्हटलं, आता ते बोला. तो बोलला. निमेषभाईने कॉम्प्युटरवर लावलं आणि भरदुपारी, आम्ही तिघं डोळे फाडून बघत असताना, स्क्रीन गोठला. तळघरभर जशुभाईचा आवाज — बा-बा-बा-बा... एखादं लहान मूल हाका मारतं ना, तसा.

जशुभाई उभा राहिला. “बंध करो, बेन. हुं आ नहीं बोलुं.” मी हे बोलणार नाही.

मी भांडले. खरंच भांडले. म्हटलं, उद्या सुनावणी आहे, तुम्ही आता माघार घेताय? तो एवढंच म्हणाला, “मी येईन. पडदा नको. मी स्वतः बोलीन.”

“तुम्हाला बोलता येत नाही चारचौघांत!”

“नाही येत. तरी बोलीन.”

बुधवारी मांडव गच्च भरला होता. जशुभाईने अडखळत विहिरीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. दोनदा माईक हातातून निसटला. तो बसणार इतक्यात कारखान्याच्या बाजूचा एक गृहस्थ उठला. हातात माझं पत्रक, आणि सरकारी दवाखान्याचे बाच्या दम्याचे जुने केसपेपर. कुठून मिळवले, देव जाणे.

“यात लिहिलंय, आमच्या पाण्याने तुमची आई गेली. खरं आहे?”

जशुभाई माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “ते बेनने लिहिलं. ते खोटं आहे. माझी बा दम्याने गेली.” मांडवात हशा पिकला. तो थांबला नाही. “पण शेवटी ती आपल्या विहिरीचं पाणी मागायची. रोज मागायची. मी बाजूच्या गावातून आणायचो, तिला चव कळायची. म्हणायची, हे आपलं नाही. आणि मी आपलं देऊ शकलो नाही. हे लिहा, साहेब.”

हशा कुठच्या कुठे गेला. साहेबांनी लिहून घेतलं. विहिरींचे नमुने घेण्याचा आदेश त्याच दिवशी निघाला. प्रकरण अजून चालू आहे, विहीर अजून लाल आहे, विजयबिजय काही झालेला नाही. पण जशुभाई खोटा ठरला नाही. तो व्हिडिओ दाखवला असता तर ठरला असता, आणि त्याच्यासोबत गावही.

नंतर मी गप्प बसले नाही. मीच कॅमेऱ्यासमोर बसून शंभर प्रकारचं खोटं बोलले — माझी आई वारली, माझं लग्न झालं, मी पंतप्रधान आहे. सगळं त्याच लॅपटॉपवर चाललं, एक फ्रेम अडकली नाही. म्हणजे यंत्र खोटं पकडतं असला आचरट सिद्धान्तही गेला. निमेषभाईने तिन्ही फाईली अहमदाबादच्या एका जाणकाराला दाखवल्या. त्याच्याकडेही त्या वाक्यावरच अडकल्या. तो म्हणाला, फाईलमध्ये दोष नाही.

‘भास’ म्हणू नका, तीन यंत्रांवर झालं आहे. ‘बाचा आत्मा’ही म्हणू नका. ते मी मानत नाही, आणि जशुभाईसुद्धा तसं म्हणत नाही. मागच्या महिन्यात मी त्याला सरळच विचारलं होतं. तो म्हशीला पाणी दाखवत होता, बाजूच्या गावातून आणलेलं. मान न वळवता म्हणाला, “बाला तिच्या नावाने खोटं बोललेलं चालायचं नाही, बेन.”

हे स्पष्टीकरण नाही, मला कळतं. पण याच्यापेक्षा बरं माझ्याकडे अजून आलेलं नाही.