वाईट आलेला फोटो

आमच्या कॉलेजातली मुलं दाढ काढतात, भूल देतात, पण तोंडाच्या आतला फोटो काढायला सांगितला की हमखास एकच घोळ घालतात. फोटो छान काढतात, लग्नात काढतात तसा. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला माझा दवाखाना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवून मी दंत कॉलेजात फोटोग्राफी शिकवायला जाते आणि दरवर्षी याच गोष्टीवरून माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी चिखलोलीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तर कहर केला. तिची पेशंट बारवी धरणाकडच्या पाड्यावरची एक मावशी. वर्षानुवर्षं दातांना तंबाखूची मिश्री लावून मावशींच्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. चट्ट्याचा तुकडा काढून तपासला, सुदैवाने कॅन्सर नव्हता. पण मिश्री चालूच राहिली असती तर पुढचं कोणी सांगावं? विद्यार्थिनीने गोडीगुलाबीने त्यांना ती सोडायला लावली.

पुढच्या तपासणीला मावशी वैतागूनच आल्या. सकाळी डोकं धरतं, पोट साफ होत नाही, शेजारणी चिडवतात. चट्टा बराच कमी झाला होता, तसं आम्ही त्यांना सांगितलंही.

"कमी झाला म्हनता, पन मला कुठं दिसतंय?" त्या म्हणाल्या. उद्यापासून परत लावणार, हेही त्यांनी सांगून टाकलं.

दाखवायला पहिला फोटो हवा होता. विद्यार्थिनीने फाइलमधला उघडला आणि मी कपाळावर हात मारला. ओठ नीट ताणलेले, थुंकीचा थेंब नाही, आणि उजेड एवढा की अख्खा गालच पांढराफटक. चट्ट्याचा पत्ताच नाही. मी तिला तिथेच फैलावर घेतलं. बाकीचे वाईट आले होते म्हणून लावले नाहीत, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली. ते वाईट फोटो ठेवलेस कुठे, मी विचारलं. नशीब, कॅमेऱ्याच्या कार्डात होते.

त्यातल्या एकात ओठ वाकडा होता, कुणाचं तरी बोट मध्ये आलं होतं, लाळेची तार लोंबत होती. पण चट्टा कडेकडेपर्यंत स्वच्छ दिसत होता. मला तो फोटो फार आवडला. मग तिने तेवढ्याच अंतरावरून, तोच फ्लॅश लावून, गाल तसाच ओढून नवा फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून स्क्रीन मावशींकडे वळवली.

मावशींनी आधी नाक मुरडलं. मग पुढे वाकून दोन्हींवरून आळीपाळीने बोट फिरवलं. आधी तीन दाढांच्या लांबीचा चट्टा आता जेमतेम एका दाढेएवढा उरला होता.

शेवटी त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून त्या पोरीच्या हातात दिला.

"दोनी फोटू ह्याच्यात टाक. सुनंला दाखवते. ती पन लावते."