माझी झोप शालनला ठाऊक होती

शालनचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं झालं ते दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळेत. छातीला वायरी, हाताला सुई, ओठ कोरडे. मी स्टुलावर बसलो होतो. वाटलं, पोरीविषयी काही बोलेल, गावच्या घराचं काही सांगेल. तर म्हणाली, "अहो, मशीनमधलं पाणी बदललं का?" मी म्हणालो, "तू इथं, मशीन कोण लावतंय." तशी चिडली. "म्हणजे मी बरी होऊन घरी यायचं आणि तुम्ही या खाटेवर, असं ठरवलंय का?" बाजूची नर्स केरळची, तिला मराठी येत नाही, तरी ती हसली. भांडण कुठल्याही भाषेत कळतं... संध्याकाळी तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर आमची मुलगी वैशाली येऊन माझ्या शेजारी बसली आणि आईच्या बांगड्या माझ्या हातात दिल्या. मग मला कळलं. हृदयच दमलं होतं शालनचं. आता महिना होऊन गेला.

ते मशीन म्हणजे काय, ते सांगतो. झोपेत माझा श्वास अडतो. घशातलं मांस सैल पडतं आणि वाट बंद होते. मशीन नळीतून, तोंडावर बांधलेल्या मास्कमधून नाकात हवा सोडतं, त्या जोरानं वाट उघडी राहते. हवा कोरडी पडू नये म्हणून त्यात रोज पाणी भरायचं. सीपॅप म्हणतात. शालन त्याला तोबरा म्हणायची, घोड्याच्या तोंडाला चंदीचा बांधतात तसा. "चला, तोबरा चढवा," हे आमच्या घरचं झोपायची वेळ झाल्याचं सांगणं.

आम्ही मूळचे तासगावकडचे. मी सातवीपर्यंत शिकलो आणि कारखान्यात लेथवर लागलो. एका ठेकेदाराबरोबर चंदीगडला आलो, इंडस्ट्रियल एरियात, आणि इथलाच झालो. शालन लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीचा ओ की ठो येत नव्हता. पुढंही फार आली नाही, पण तिचं कधी अडलं नाही. भाजीवाल्याला ती मराठीत झापायची आणि तो पंजाबीत माफी मागायचा.

घोरण्याचं मला कधी काही वाटलं नाही. घोरणाऱ्याला काय, तो झोपलेला असतो. पण वय झालं तसा मी दिवसा पेंगायला लागलो. एकदा चालू लेथसमोर डोळा लागला. शेजारच्यानं दंड धरून मागं ओढलं म्हणून आज ही बोटं जागेवर आहेत. मालकानं घरी बसवलं आणि शालननं दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, "नींद कैसी है?" मी म्हणालो, "एकदम बढिया जी. पडते ही लग जाती है." मागून आवाज आला, "झूट बोलता है ये आदमी." डॉक्टर मान वाकडी करून बघायला लागला. शालन पदर खोचून पुढं आली. "पयले ट्रॅक्टर चलता है. फिर ट्रॅक्टर बंद. एकदम बंद. मैं बैठ के देखती, अब आयेगा, अब आयेगा. फिर म्हैस पानी से बाहर आती ना, वैसा फुर्र." डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं. मी नुसता बसून होतो. माझ्याच झोपेची गोष्ट चालली होती आणि त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं. किती वर्षं ही बाई अंथरुणात उठून बसत होती, माझ्या पुढच्या श्वासाची वाट बघत... आणि सकाळी मला चहा देताना एक अक्षर बोलत नव्हती.

तपासणी झाली, मशीन आलं. पण मशीन येणं आणि ते अंगाला लागणं यात फार फरक. पहिले काही दिवस मी नुसता शिव्या देत होतो. नाक कोरडं, पोटात हवा भरून नगारा, मास्कच्या कडेनं हवा सुटून डोळ्यात. झोपेत मी तो ओरबाडून फेकायचो. दुकानातला हरप्रीत, मशीन बसवून देणारा सरदार पोरगा, त्यानं शालनला समजावलं होतं की हवेचा जोर डॉक्टर ठरवणार, त्याला हात लावायचा नाही. बाकी पट्टे, पाण्याची वाफ, सुरुवातीला हवा हळू सोडून मग वाढवायची वेळ, हे तुमच्या हातात. शालननं ते मनावर घेतलं. मी म्हणायचो, सगळंच एकदम बदलून बघू. ती म्हणायची, "आमटी बिघडली की मीठ, चिंच, तिखट एकदम ओतता का? एक घालायचं, चव बघायची." आज पट्टा एक बोट सैल. दोन दिवस तसंच. मग वाफ थोडी जास्त. थंडीत नळीत पाणी साठून नाकावर थेंब पडायला लागले, तर तिनं माझ्या जुन्या स्वेटरची बाही उसवून नळीला अंगरखा शिवला. हरप्रीत म्हणाला असा अंगरखा विकत मिळतो. ती म्हणाली, "बाही तरी कुठं जाणार होती?" आणि एका सकाळी मी उठलो तर डोकं हलकं. बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि मला त्याचा राग आला नाही. मी म्हणालो, "शालन, आज काय झालंय?" ती म्हणाली, "झोपला होतात."

एक गंमत सांगायलाच पाहिजे. आम्ही कारखान्यातली माणसं, खंडेनवमीला अवजारं पुजतो. रिटायर झाल्यावरही मी पाने, कॅलिपर पुसून पाटावर मांडतो. मशीन आल्यावरच्या पहिल्या खंडेनवमीला शालननं तेही उचलून पाटावर ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला. पुढून, मागून, यथासांग. त्यानंतर मशीनचं काहीतरी बिनसलं. हवा येईना नीट, कुथल्यासारखा आवाज, मी परत पेंगुळलेला, चिडका. मी म्हणालो, आजार वाढला, डॉक्टरला सांगून जोर वाढवून घेऊ. तिलाही भीती वाटली, तोंड उतरलं होतं तिचं. मशीन पिशवीत घालून हरप्रीतकडे गेलो. त्यानं मागचं झाकण काढलं, तर हवा आत ओढायच्या गाळणीवर पिवळंलाल लिंपण आणि वर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. एक अक्षतही निघाली. तो पोरगा पगडीला हात लावून हसायला लागला. "माताजी, इसको भी टीका लगाया?" शालन हसली नाही. म्हणाली, "लगायेगी नहीं क्या? बाकी औजार तो अब बैठ के खाते हैं. काम तो ये अकेला करता है. इनका साँस इसमें है." हरप्रीतचं हसू थांबलं. नवी गाळणी घातली आणि म्हणाला, "अगली बार फूल आगे रखना माताजी, पीछे नहीं." पुढच्या प्रत्येक वर्षी फूल पुढंच ठेवलं गेलं, आणि मागून कुणी जात असेल तर ती ओरडायची, "मशीनच्या मागं काही ठेवू नका रे!" मागून जाणारा मी एकटाच असायचो.

ती गेल्यावर मी मशीन लावलं नाही. खरं सांगतो, लावावंसं वाटलं नाही. आता कुणाची झोप मोडणार होती? एकदा लावून बघितलं तर मास्क तोंडावर बसेना. गालफडं आत गेली होती, चारी बाजूंनी हवा फुसफुसत होती, आणि जोर इतका की वारं गिळल्यासारखं झालं. काढून ठेवलं. सकाळी डोकं जड, दिवसभर डुलक्या. म्हातारपण आहे, दुःख आहे, असंच असतं, असं धरून चाललो होतो. वैशाली मोहालीला राहते, कंपनीत आहे. रविवारी आली. आईचं काहीतरी सांगत होती, रडत होती, आणि तिच्या समोर, तिच्या बोलण्यात, मी झोपलो... जागा झालो तर ती माझ्याकडे बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. म्हणाली, "बाबा, आई तो दिल से गई. आप जान-बूझ के जाओगे क्या?" दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली आणि मला गाडीत घातलं.

डॉक्टरनं वजन केलं. चांगलंच उतरलं होतं. म्हणाला, हा हवेचा जोर जाड्या अंगासाठी ठरवला होता, आता जास्त होतोय, म्हणून हवा बाहेर पळते. मशीन काही दिवस आपोआपवर ठेवू, लागेल तेवढाच जोर ते देईल, मग बघू. मास्कही लहान दिला. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "साथ में कौन सोता है? रात को कैसा रहता है, कौन बताएगा?" मग त्यालाच शालन आठवली असावी, कारण त्यानं कागद उगाचच सरळ केला. वैशाली म्हणाली, "मैं बताऊँगी. मैं रहूँगी कुछ दिन."

ती राहिली. पलंगावर आईच्या जागेवर झोपली. मास्क मीच बांधला, पट्टे मीच ओढले. सकाळी चहा करता करता तिनं सांगितलं, "बिलकुल नहीं घोरे. साँस भी नहीं रुकी. एक बार हवा निकल रही थी, मैंने मास्क ठीक किया. पर बाबा, आप बोल रहे थे." मी म्हणालो, काय? "वळलो, वळलो. ऐसे. और करवट ले ली. मैंने तो हाथ भी नहीं लगाया था. किसको बोल रहे थे?"

मी कप खाली ठेवला. उताणं झोपलं की माझा श्वास जास्त अडतो, हे डॉक्टरच्या आधी शालनला कळलं होतं. मशीन आल्यावरही मी उताणा झालो, मास्क सरकला की तिचं कोपर बरगडीत. सकाळी तिथं दुखायचं आणि मी म्हणायचो, ही गादी बदलली पाहिजे. ती म्हणायची, "बदलू की." हसायची आणि पोळ्या लाटायला लागायची. कोपराचं पुढं एकदा तिनं कबूल केलं. पण मी झोपेतून तिला उत्तर देत होतो, हे ती कधी बोलली नाही. तेवढं तिनं स्वतःजवळ ठेवलं.

वैशालीनं हळूच विचारलं, "आई को?" मी म्हणालो, "हो. तू आता घरी गेलीस तरी चालेल. मी लावत जाईन."

ती आंघोळीला गेली तेव्हा मी सदऱ्यात हात घालून डावी बरगडी चाचपून बघितली. काही दुखत नव्हतं.