आरती संपू न देणारे साडू

आमच्या साडूंइतका ठाम माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याविषयी जितके खोटे सांगितले जाते तितके अन्य कोणाविषयी सांगितले जात नाही. त्यांच्या पेटीशेजारी तबल्यावर मी बसत होतो. सांगणारे बसत नव्हते. तरुणपणी सिकंदराबादला रेल्वेत कारकून असताना शेजारच्या एका गिटारवाल्याने त्यांना ब्लूज आणि जाझचा नाद लावला, आणि निवृत्तीनंतर तो नाद घेऊनच ते हट्टा गावच्या भजनी मंडळात पेटीवर बसले. जिथे जी कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायच्या तीन-चार सुरांची जुडी, अपेक्षित, तिथे तिच्याऐवजी त्या सुरावटीबाहेरची, परकी कॉर्ड ठेवणे हा त्यांचा धर्म. कोणी आक्षेप घेतला की ते थेट सोयरिकीवर येत. "पंचमावरली कॉर्ड अन् कोमल रिषभावरली कॉर्ड, दोन्ही घरी मध्यम अन् निषाद हायेत की. दोन माणसं सामाईक म्हंजे सोयरे झाले. मंग ह्या घरी जेवलं काय अन् त्या घरी काय, बराबरच."

हे तत्त्व त्यांनी पेटीपुरते ठेवले नाही. वसमतला एकाच दिवशी शेजारशेजारच्या मंगल कार्यालयांत दोन लग्ने होती. आमचे निमंत्रण एकीकडचे. साडू दुसरीकडे गेले, आहेर केला, जेवले आणि वरबापाशेजारी उभे राहून छायाचित्रही काढून घेतले. ते वाट चुकले, असे माझी मेहुणी आजही सांगते. साफ चूक. दोन्ही मांडवांत निम्मे पाहुणे सारखेच आहेत, याची खात्री करूनच ते आत गेले होते.

आता गुरुवारच्या त्या आरतीविषयी. पेटी षड्जावर येऊन टेकली की आमची आरती संपते. लोक हात जोडतात आणि शिऱ्याकडे वळतात. त्या दिवशी शेवटच्या षड्जाखाली साडूंनी कोमल धैवताची कॉर्ड ठेवली. षड्ज तिच्यातही आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. पण पेटी टेकली नाही, म्हणून गाणाऱ्यांना वाटले, अजून बाकी आहे. त्यांनी ध्रुवपद पुन्हा उचलले. पुन्हा तीच कॉर्ड, पुन्हा ध्रुवपद. निरांजन विझले, शिरा थिजला, ओवाळणाऱ्या गुरवांनी तबक या हातातून त्या हातात घेतले, तरी कोणाला थांबता येईना. अखेर मंडळाच्या प्रमुखांनी उठून पेटीचा भाता दाबून धरला.

प्रमुख माणूस वाईट नव्हेत. बोट घसरले एवढे म्हणा, पेटी तुमचीच, अशी सवलत त्यांनी सर्वांदेखत दिली. साडूंनी ती निमूट घेतली, असे पार जवळा बाजार गावापर्यंत सांगितले जाते. मी हातभर अंतरावर होतो. त्या पेटीवाचून या माणसाचे काय होईल, हे मला ठाऊक होते; म्हणून मीच हलकेच म्हणालो, "साडूभाऊ, म्हणून टाका की."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बोट घसरलं न्हाई. म्या ठिवलं तिथं." आणि पेटी पुढे सरकवली.

आता पेटीवर सरळ वाजवणारे गृहस्थ असतात आणि शिरा गरम मिळतो. साडूंना मागच्या रांगेत टाळ दिले आहेत. टाळांत परकी कॉर्ड ठेवता येत नाही, या हिशेबाने. आरतीच्या शेवटी पेटी वेळेवर षड्जावर टेकते. मी मात्र अखेरची थाप किंचित रोखून धरतो. त्या पोकळीत ती कॉर्ड मला अजून ऐकू येते. मग थाप पडते, आणि नेमका तिच्याबरोबर मागून एकच टाळ वाजतो.

दोघे म्हातारे झाले, ताल सुटतो, असे मंडळात म्हणतात. तेही खोटे आहे.